काळेबुवांची वाट

"पाडून टाक," छंगयू म्हणाला. "हातोडा घे, सगळी कुंभारआळी पाड आणि नवी बांध. मी दर वेळी हेच करतो."

"म्हणूनच दर वेळी तुझं नगर बुडतं," असं म्हणत रुओहेनं त्याच्या हाताखालून माऊस अलगद ओढून घेतला.

लियूतांग गावातल्या घरच्या चहाघराची मागची खोली. चहाच्या डब्यांच्या मधोमध एक जुना कॉम्प्युटर आणि त्याच्यासमोर तीन डोकी. रुओहे बारा वर्षांची, तिची धाकटी बहीण दौदौ आठ वर्षांची, आणि त्यांचा मामेभाऊ छंगयू तेरा वर्षांचा. छंगयू सुट्टीसाठी नानजिंगहून आला होता आणि येताना 'नऊ वेशींचं नगर' हा खेळ घेऊन आला होता. जुन्या काळच्या राजासाठी नगर वसवायचं. तटबंदी घालायची, भातशेती करायची, रेशमाचे माग टाकायचे, देवळं बांधायची. आईला हिशेबाला कॉम्प्युटर हवा असला, तर आता आधी राजाची परवानगी काढावी लागत होती.

या खेळात एक गंमत होती. प्रत्येक घरावरून रोज कुणीतरी फेरी मारून जावं लागायचं. पाणक्या, पहारेकरी, वैद्य, आणि खांद्यावर झाडू टाकून फिरणारा नालेवाला. यातला एकही फिरकेनासा झाला, की ते घर आधी खिन्न व्हायचं, मग त्याला भेगा पडायच्या आणि एक दिवस धूळ उडवत कोसळायचं.

रुओहेनं भेगाळलेल्या एका घरावर टिचकी मारली. आतून चिमुकला कुंभार बाहेर आला, हात पुसत म्हणाला, "आमच्या दारी नालेवाला फिरकलेला नाही."

"का फिरकला नाही?" छंगयूनं विचारलं.

"कारण त्याच्या वाटेवर तू कमळाचं तळं खोदलंस."

"शोभा आहे ती. राजा खूश होतो."

"राजा खूश आणि कुंभार पाण्यात," चहाच्या खोक्यावर बसलेली दौदौ म्हणाली. ती नेहमी सगळ्यांच्या शेवटी बोलायची आणि तेवढंच लक्षात राहायचं.

तळं बुजवलं, नालेवाला झाडू हलवत गेला आणि कुंभारआळीवर पुन्हा धूर दिसू लागला. तेवढ्यात पुढच्या दालनातून टकटक ऐकू आली. कुणीतरी भिंत ठोकत होतं.

तिघं दाराआडून डोकावली. गल्लीच्या समितीचे प्रमुख त्साओकाका आले होते. बरोबर पांढरी टोपी घातलेला एक इंजिनियर होता.

त्साओकाका माणूस वाईट नव्हता. थंडीत एकट्या म्हाताऱ्यांकडे रजया पोचवायला ते स्वतः जायचे. पण गावात पर्यटक येऊ लागल्यापासून त्यांना सुशोभीकरणाचा नाद लागला होता. सार्वजनिक संडासाबाहेरसुद्धा त्यांनी लाल कंदील टांगले होते.

"भिंत खालपासून ओली आहे," इंजिनियर म्हणाला. "भेग वर सरकतेय. इथे माणसं बसवणं धोक्याचं."

"ऐकलंत ना?" त्साओकाका खाली मान घालून म्हणाले. "पौर्णिमेची पोथी होऊ द्या. दुसऱ्या दिवसापासून कुलूप. मग पाडावं लागेल."

समोर बाकावर छोटे आजोबा बसले होते. रुओहेच्या आजोबांचे हे धाकटे भाऊ. अमावास्येला आणि पौर्णिमेला ते या चहाघरात पोथी गायचे. करुणादेवी ग्वानयिनची कथा, आईच्या शोधात निघालेल्या मुलाची कथा. एका हातात ताल धरायचा पोकळ लाकडी मासा, दुसऱ्या हातात टिपरू. टक्, टक्, टक्. आजोबांनी एक ओळ गावी, ती संपता संपता सगळ्या चहाघरानं नामाचं ध्रुवपद उचलावं. भाजीवाल्या मावशी, नावाडी, निवृत्त मास्तर, सगळे एका सुरात. त्या क्षणी किटलीतल्या वाफेलाही देवळातल्या धुपाचा वास येतो, हे तिथे बसलेल्यालाच कळेल.

"मग मी पोथी कुठे गाऊ?" आजोबांनी विचारलं.

"समाजभवनात. वातानुकूलित खोली आहे, माइक आहे."

"कितव्या मजल्यावर?"

"चौथ्या. लिफ्ट येणार आहे."

"माझ्या ऐकणाऱ्यांचे गुडघे लिफ्टच्या आधी जातील, साहेब." आजोबा हसले, पण त्यांनी लाकडी मासा उगाच बाहीनं पुसला. "आणि काळेबुवा? ते कसे चढणार चार मजले? तसे यंदा ते आलेच नाहीत म्हणा. कशानं रागावले कोण जाणे."

दोघं निघून गेले तरी आजोबा तो मासा पुसतच बसले. चौथ्या मजल्यावर कुणी जाणार नव्हतं. पोथी बंद पडणार होती, आणि पोथी बंद पडल्यावर आजोबांचं काय होईल, याचा विचार रुओहेला करवेना.

"हे काळेबुवा कोण?" मागच्या खोलीत आल्यावर छंगयूनं विचारलं.

रुओहेनं दौदौकडे पाहिलं. दौदौनं चेहरा अगदी गंभीर केला. "आजोबांचे सगळ्यांत जुने श्रोते. आजोबा लहान होते तेव्हापासून येतात."

"म्हणजे नव्वदीचे तरी असतील. आजारी असतील गं. आपण घरी जाऊन बघून येऊ या."

"जायला हवं. पण ते कुणाशी बोलत नाहीत," रुओहे म्हणाली.

"आणि चहा घेत नाहीत. फक्त कोळंबी खातात," दौदौ म्हणाली.

"कच्ची," रुओहेनं भर घातली.

छंगयू बिचारा खरोखर बाहेर गेला. त्यानं नावाड्याला विचारलं, "काका, ते काळेबुवा राहतात कुठे?" नावाडी इतका हसला, की त्याची वल्ही पाण्यात पडली.

"कासव आहे होय!" छंगयू पाय आपटत परत आला. "तुम्ही दोघी ना..."

"तू विचारलंस कुठे, माणूस आहे की कासव?" दौदौ म्हणाली.

हसून हसून रुओहेच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि हसता हसताच ती थांबली.

"छंगयू, आता खेळात असतो तर काय केलं असतं आपण?"

"मी पाडलं असतं. तू टिचकी मारून विचारलं असतंस, इथून कोण फिरकलेलं नाही म्हणून."

"इथून कोण फिरकलेलं नाही?"

छंगयूचं तोंड उघडंच राहिलं. "काळेबुवा."

"काळेबुवा यायचे कुठून, दौदौ?"

"चौकातून. त्यांच्या दारातून."

चहाघराच्या मधोमध उघडा चौक होता. चारी बाजूंच्या छपरांचं पाणी त्यात पडायचं. या वर्षी रिपरिप पाऊस सुट्टी लागली तरी हटला नव्हता आणि चौकात घोटाभर पाणी साचलं होतं. समितीनं वसंतात बसवलेल्या नव्या जाळीतून ते निघून जातं असं सगळे धरून चालले होते. जाळी नवी होती, चकचकीत होती आणि तिच्याखालची नळी मनगटाएवढीसुद्धा नव्हती.

दौदौनं कोपऱ्याकडे बोट केलं. भिंतीच्या तळाशी परातीएवढा एक गोल दगड होता, जुन्या नाण्यासारखा, मधे चौकोनी भोक कोरलेला. त्याच्यावर समितीनं त्याच वसंतात जाड काच बसवली होती, आणि वर पितळी पाटी होती : 'प्राचीन नाणे-शिळा. धनसमृद्धीचे प्रतीक. हात लावू नये.'

छंगयू पाण्यात तसाच उतरला. काचेला नाक लावून त्यानं बघितलं, मग सावकाश मागे वळला. "हे मी रोज बघतो."

"तू? तू तर परवा आलास."

"खेळात! नाला टाकायचं बटण आहे ना, त्यावर हेच चित्र आहे. अगं, हे नाणं नाही. हे नाल्याचं झाकण आहे."

तिघंही मागच्या पायऱ्यांवरून कालव्याकडे धावली. शेवटच्या पायरीशी, भिंतीत, तेवढंच एक भोक होतं. दौदौ पालथी झोपली आणि तिनं आत पाहिलं. "कोरडं आहे. कोळ्यानं जाळं विणलंय."

"आत तळं आणि बाहेर जाळं," रुओहे म्हणाली. "काळेबुवा या वाटेनं यायचे. आत-बाहेर करता करता गाळ ढवळायचे, आणि पाणी तो वाहून न्यायचं. दुसरा नालेवाला लागतच नव्हता."

ती तडक समितीच्या कचेरीत गेली. त्साओकाकांनी अर्धंच ऐकलं. "कासव? रुओहे, भिंतीचा प्रश्न इंजिनियर बघताहेत. आणि त्या शिळेला हात लावायचा नाही हं. पर्यटक फोटो काढतात तिथे. जा, सुट्टी आहे, खेळा जरा."

ती परत आली तेव्हा छंगयू चिडला. पण रुओहे खुर्चीत बसली आणि पडद्याकडे बघत राहिली. "ते म्हणालेत ना खेळा," ती म्हणाली. "मग त्यांनाच बोलावू या खेळायला."

दुपारी त्साओकाका चहाला आले. दौदौनं त्यांचा हात धरला. "काका, आम्हांला नगर सजवता येत नाही. तुमच्याइतकी शोभा कुणाला कळते?"

काका विरघळले. "पाच मिनिटं हं," असं म्हणून खुर्चीत बसले.

पडद्यावर एक छोटी गल्ली होती. मागे कालवा, पुढे चहाघर, चहाघराच्या कोपऱ्यात गोल कोरीव दगड.

"गल्ली ओळखीची वाटते," काका म्हणाले. त्यांनी आधी कंदील लावले. मग पूल रंगवला. राजाचे निरोप येऊ लागले : शोभा वाढली, शाब्बास. पाच मिनिटांची पंचवीस झाली. "आणि हा दगड बघा, किती सुरेख. असा उघड्यावर टाकतात का कुणी?" त्यांनी दगडावर फुलबाग लावली आणि भोवती कुंपण घातलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हसू फुटलं असतं.

खेळात पावसाळा आला. चहाघर खिन्न झालं. मग भिंतीवर भेग उमटली.

"अरे, अरे, हे का पडतंय?" काका पुढे सरसावले. "एवढं सजवलं मी."

"विचारा ना त्यांनाच," रुओहे म्हणाली.

काकांनी टिचकी मारली. चिमुकला चहावाला बाहेर येऊन म्हणाला, "आमच्या दारी नालेवाला फिरकलेला नाही."

"कुठे गेला तो कामचुकार?"

दौदौनं बोट ठेवलं. फुलबागेच्या कुंपणापाशी नालेवाला झाडू घेऊन उभा होता. चार पावलं इकडे जायचा, चार पावलं तिकडे, पुन्हा कुंपणाशी यायचा.

"तो आलाय, काका," दौदौ म्हणाली. "तुम्ही त्याच्या दारावर बाग लावलीत."

त्साओकाकांचा हात माऊसवरच राहिला. बाहेर चौकात छपराचं पाणी साचल्या पाण्यात टपटपत होतं. त्यांनी तिकडे मान वळवली.

"मागून सिमेंटसुद्धा मीच भरायला सांगितलं," ते हळूच म्हणाले. "झुरळं येतात म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी आला. काच निघाली, सिमेंट फुटलं. पाणी क्षणभर तसंच राहिलं, मग कोपऱ्यात भोवरा फिरला आणि घशातून गुळणी केल्यासारखा आवाज करत ते निघालं. कालव्याकडून दौदौचा आवाज आला, "आलं! इकडे आलं!"

इंजिनियरनं चौक पाहिला, भिंत पाहिली, टोपी काढून पुसली. "पाणी असंच जात राहिलं तर भिंत वाळेल. भेग भरता येईल. पाडायचं कारण दिसत नाही."

दारावरची कुलपाची नोटीस त्साओकाकांनी स्वतः फाडली. मग मुलांसमोर उभे राहिले, काय करावं ते न सुचून त्यांनी छंगयूशी मोठ्या माणसासारखा हात मिळवला, आणि रुओहेला म्हणाले, "त्या दिवशी तू अख्खं सांगत होतीस. मीच अर्धं ऐकलं. माझं चुकलं, पोरी."

पौर्णिमेला चहाघरात पाय ठेवायला जागा नव्हती. छोट्या आजोबांनी मेणबत्त्या लावल्या, उदबत्ती लावली. पोथी सुरू करण्याआधी ज्याच्या कल्याणासाठी ती गायची, त्याचं नाव घेण्याची पद्धत. आजोबांनी तिघांची नावं घेतली, एकेक, सुरात. "यांनी आधी विचारलं, मग हात घातला," ते म्हणाले. "मोठ्यांना हे जमलं नाही." छंगयूचे कान लाल झाले.

पण रुओहेचं लक्ष कोपऱ्यात होतं. दगडासमोर बशीत कोळंबी ठेवली होती. कथा चढत गेली, ध्रुवपद उठत राहिलं, किटल्या दोनदा भरल्या. कोळंबी तशीच.

'खूप उशीर केला आपण,' तिला वाटलं. 'दार बंद बघून ते कायमचे गेले.'

कथा निम्म्यावर आली होती. ध्रुवपद विरलं आणि त्या शांततेत खरवडल्यासारखा आवाज झाला. दगडाच्या चौकोनी भोकातून आधी एक सुरकुतलेली मान आली. मग चिखलानं माखलेली काळी पाठ, तिरकी होऊन, अगदी सावकाश.

कुणी हललं नाही. काळेबुवांनी कोळंबीकडे पाहिलंसुद्धा नाही. ते खांबापाशी, आपल्या नेहमीच्या जागी गेले आणि मान वर करून थांबले.

छोट्या आजोबांचं टिपरू हवेतच राहिलं. ते खाली ठेवून त्यांनी मान लववली. "या, बुवा. बसा."

मग त्यांनी पोथीची पानं उलटी चाळायला सुरुवात केली.

"हे काय, पहिल्यापासून?" भाजीवाल्या मावशींनी विचारलं.

"मघाशी ते नव्हते ना," आजोबा म्हणाले.

टक्, टक्, टक्. पहिली ओळ पुन्हा उठली. आणि या वेळी ध्रुवपद सगळ्यांत आधी उचललं ते मागच्या बाकावरच्या त्साओकाकांनी, अगदी बेसूर आणि अगदी मनापासून.