अंगठ्याखालचं बटण

त्या दिवशी मला हसू आवरलं असतं, तर पुढचं काही घडलंच नसतं.

गेम खेळायचा कंट्रोलर दुरुस्तीला टाकायला मी मामांच्या दुकानात गेले होते. मामा कुणाचेच सख्खे मामा नव्हेत. जुने गेम विकत घेतात, विकतात आणि शनिवारी संध्याकाळी दुकानामागच्या खोलीत काही खुळ्यांना भांडू देतात, म्हणून सगळ्यांचे मामा. हे खुळे एकाच कन्सोल कंपनीचे भक्त. कंपनी पुढे कोणता गेम काढणार, कधी काढणार, का काढणार, यावर त्यांची घसे बसेपर्यंत भांडणं. त्यातलाच एक उंच मुलगा काउंटरला टेकून तावातावाने सांगत होता, "मामा, माझ्याकडून लिहून घ्या! यंदा नवीन कन्सोल येत नाही. आधी जुन्या गेमचे पुढचे भाग काढतील, लोकांना झुलवतील, आणि मग पुढच्या वर्षी कन्सोल. यांची चालच ती आहे."

आणि मी फिस्सकन हसले. कारण त्या नव्या कन्सोलवर सकाळपासून मीच खेळत होते.

त्याने गर्रकन वळून पाहिलं. "हसलात?"

"छे... शिंक आली."

"अशी? सगळे दात दाखवून?"

"आमच्या घरी सगळ्यांना अशीच येते."

तो बघतच राहिला. मग त्याचेही सगळे दात दिसले. "शनिवारी या ना, शिंकबाई. आमच्याकडे हसण्यासारखं भरपूर असतं."

मी त्याच कंपनीत टेस्टर होते. ऐकायला झकास वाटतं, दिवसभर गेम खेळायचे आणि वर पगार! प्रत्यक्षात एकाच बाहुल्याला एकाच भिंतीवर दिवसभर आपटायचं, तो चुकून आरपार जातोय का ते बघायला. आमच्या ऑफिसच्या काचांना आतून कागद चिकटवलेले, फोन दाराशी कपाटात जमा, आणि इथलं बाहेर बोलणार नाही अशी सही रुजू होतानाच घेतलेली. घरीसुद्धा मी बँकेचं सॉफ्टवेअर तपासते असं सांगितलं होतं. त्यामुळे ताई येताजाता तिचं खातं का अडकलंय ते मलाच विचारायची.

शनिवारी मी गेले. का गेले ते काय सांगायचं... गेले, झालं!

मागच्या खोलीत एक कुरकुरणारा पंखा, फाटके सोफे आणि भिंतभर टीव्ही. त्या उंच मुलाला सगळे 'ज्योतिषी' म्हणायचे, कारण तो व्हिडिओ टाकून सतत भाकितं करायचा आणि ती सतत चुकायची. कंपनीची बाजू घेऊन त्याला हाणून पाडणारा एक जाडा, त्याचं नाव 'वकील'. कंपनी गप्प का, यावर त्यांची तासभर जुंपायची. ज्योतिषी म्हणायचा, गप्प आहेत म्हणजे पोटात काहीतरी आहे. वकील म्हणायचा, गप्प आहेत कारण तुझ्यासारख्यांना उत्तर द्यायला त्यांना वेळ नाही. मी कोपऱ्यात ओठ दाबून बसायचे. माझ्या जिभेच्या टोकावर सगळी उत्तरं, आणि तोंडाला कुलूप.

"शिंकबाई, तुमचा अंदाज?" तो मुद्दाम विचारायचा.

"मला कुठलं कळतं..."

"कळत नाही, मग येता कशाला?"

"पंख्याची हवा खायला."

"त्याला हवाच नाही!"

"म्हणून तर रोज नाही येत — शनिवारीच येते."

तो हसायचा तेव्हा त्याच्या डाव्या डोळ्याशी एक बारीक सुरकुती पडायची. ती बघायला मी यायचे, हे आता कबूल करायला हरकत नाही. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. बाकीचे गेल्यावर आम्ही एकाच सोफ्यावर बसून जुना गेम खेळायचो, गुडघ्याला गुडघा लावून. मामा शटर अर्धं ओढून बाहेर मुद्दाम मोठ्यांदा खोकायचे.

तो माझ्या हातांकडे फार बघायचा. मुली डोळ्यांवर, केसांवर भाळणाऱ्यांच्या गोष्टी सांगतात, माझ्यावर हातांसाठी कुणीतरी भाळलंय, म्हणून मी हवेत होते. गुपचूप हाताला क्रीम लावायला लागले. ताईने ओळखलंच. "बँकेत नोटा मोजून हात खरखरीत झाले वाटतं?"

एका शनिवारी मी खेळता खेळता हरले, आणि त्याने माझा डावा अंगठा हलकेच धरला.

"हा सारखा इथे खाली का जातो गं? इथे तर काहीच नाही."

नव्या कंट्रोलरवर तिथे एक बारीक बटण होतं. ते दाबून धरलं की गेममधलं सगळं थिजायचं, पडणारा दगडसुद्धा अधांतरी थांबायचा, आणि तेवढ्यात आपण निसटायचं. दिवसभर तेच दाबून अंगठ्याला चटक लागली होती. जुन्या कंट्रोलरवरही तो आपला तिथेच जायचा, चाचपडायचा.

"सवय आहे..." मी म्हटलं.

"कसली?"

"अशीच. वाईट."

त्याने पुढे काही विचारलं नाही. अंगठा उचलला आणि त्यावर ओठ टेकवले. मला त्या क्षणी ते बटण हवं होतं, खरंच. दाबून धरलं असतं, सोडलंच नसतं. आणि तो विचारत नाही, म्हणून तर मला तो जास्तच आवडला. किती समजूतदार! मी स्वतःवरच खूश होत घरी गेले.

चार दिवसांनी त्याचा व्हिडिओ आला. 'नव्या कंट्रोलरवर डाव्या अंगठ्याखाली गुप्त बटण. खात्रीशीर सूत्र.' बघणाऱ्यांचा नुसता पूर. इतकी वर्षं चुकणाऱ्या ज्योतिष्याला लोकांनी डोक्यावर घेतलं होतं. आई मला वेंधळी म्हणते, ताई घोडी म्हणते, त्याने शिंक म्हटलं. सूत्र मात्र मला पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमच्या वरिष्ठ मॅडमनी आमच्या खोलीतल्या तिघींना आत बोलावलं. मॅडमचा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही.

"प्रत्येक खोलीला वेगळा नमुना दिला होता," त्या म्हणाल्या. "कुणाकडे बटण उजवीकडे, कुणाकडे मागे. डाव्या अंगठ्याखाली फक्त तुमच्याकडे. बोललं कोण?"

माझ्या एका बाजूला नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून आलेली, दुसऱ्या बाजूला पहिलीच नोकरी असलेली. दोघी रडकुंडीला आलेल्या.

"मी," मी म्हटलं. "म्हणजे... बोलले नाही. पण माझ्याकडूनच गेलं."

अंगठ्याने चुगली केली, हे मॅडमना कसं समजावणार? त्यांनी माझं ओळखपत्र मागून घेतलं. संध्याकाळी घरी बँकेची नोकरी गेल्याचं सांगितलं. नसलेली नोकरी जाण्याचं दुःख ताईने असं काही केलं, की मला माझं करताच आलं नाही.

त्याला मी फोनवर नोकरी गेल्याचं सांगितलं आणि एवढंच विचारलं, "तुला माहीत होतं, मी कुठे काम करते?"

"पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं," तो म्हणाला. "तू अंदाज करायचीच नाहीस. ज्याला माहीत असतं, तोच अंदाज करत नाही. पण मी तुझं नाव कुठे घेतलं? एका शब्दाने तरी?"

खरंच, घेतलं नव्हतं. मी फोन ठेवला तो ठेवलाच.

नव्या कन्सोलचा समारंभ मी घरी, ताईशेजारी बसून बघितला. यंदाच आला तो. झगमगाट, टाळ्या, आणि शेवटी कंट्रोलर गोल गोल फिरवून दाखवला. डावीकडे काही नव्हतं. उजवीकडे नव्हतं, मागेही नव्हतं. बटण कंपनीने काढूनच टाकलं होतं. त्या रात्रीपासून ज्योतिष्याची जी काही धुलाई सुरू झाली! वकिलाने तर त्याच्या व्हिडिओखाली नुसते अंगठ्यांचे फोटो टाकले. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

दोन दिवसांनी तो आला. मी तोवर एका कुरिअर ऑफिसात लागले होते, दिवसभर लोकांना त्यांचं पार्सल कुठे अडकलंय ते फोनवर सांगायचे. सुटायच्या वेळी तो समोरच्या फुटपाथवर उभा, दाढी वाढलेली. बारीक पाऊस होता आणि त्याने छत्री आणली नव्हती.

"शिंक," तो म्हणाला. "मी नालायक आहे."

"पुढे बोल."

"शनिवारी तू नसतेस, तर तिथे बसवत नाही. सोफ्यावर तुझी जागा मी कुणाला देत नाही. मला... मला तू हवी आहेस. हे आधी बोलायला हवं होतं, त्या व्हिडिओच्या आधी."

खोटं कशाला सांगू, मी विरघळले. नोकरी, व्हिडिओ, मॅडम, सगळं बाजूला झालं आणि फक्त ती डोळ्याजवळची सुरकुती उरली. त्याने माझा हात हातात घेतला. मी घेऊ दिला. त्याने तो हळूच उलटा केला आणि अंगठ्याकडे बघितलं.

"एकच सांग," तो अगदी हळू म्हणाला. "मी कुणाला सांगणार नाही, शप्पथ. फक्त मला कळू दे... ते बटण होतं ना?"

पाऊस पडत होता. माणसं छत्र्या सावरत आमच्या दोन्ही बाजूंनी जात होती.

"कुठलं बटण?" मी म्हटलं.

"असं नको ना करूस. लोक हसतात मला."

"नव्हतं रे काही. माझी सवय होती. तुला सांगितलं होतं की... वाईट सवय."

त्याचा चेहरा पडला. माझी नोकरी गेल्याचं ऐकूनही फोनवर त्याचा आवाज असा पडला नव्हता. तो काहीतरी पुटपुटला, बहुतेक "असो" म्हणाला, आणि माझा हात त्याच्या हातातून आपसूक सुटला.

मी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि चालायला लागले. मागे वळले नाही. खिशात डावा अंगठा सवयीने खाली सरकला, त्याने जागा शोधली आणि दाबून धरली. काहीच थांबलं नाही.