बाजूला ठेवलेली फाइल

"मॅडम, ह्याचा लॅपटॉप काढून घ्या आणि ह्याला गेटाबाहेर काढा!" टीम लीड जयदीप ओरडला. "पोलिसांना मी फोन करतो."

नोएडातल्या त्या ऑफिसात सकाळी अकराला सर्व्हरचं अपग्रेड झालं. दुपारपर्यंत एका लॅबच्या हजारो रुग्णांचे रिपोर्ट इंटरनेटवर कोणालाही दिसू लागले. बाहेरच्यांना अडवणाऱ्या ओळी सेटिंगच्या फाइलमधून गायब! सर्व्हर घाईघाईने बंद केला. त्या ओळी त्याच्या टीममधल्या सिद्धांतने हाताने लिहिलेल्या, म्हणून उडवणाराही तोच, असं जयदीपचं म्हणणं. सिद्धांतची नोकरी तर जाणारच होती, वर पोलीस केस. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारे त्याचे वडील पुढच्या महिन्यात रिटायर होत होते.

उद्याच्या ऑडिटसाठी आलेली चेतना आजच चौकशीला बसली. गोड बोलणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

"अपग्रेड कोणी चालवलं?"

"मी. एकट्याने," जयदीप म्हणाला. " हाताने बदललेली फाइल असली की अपग्रेड आधी विचारतं, जुनी ठेवू की नवी घेऊ. मी दर वेळी नुसतं एंटर दाबलं. ओळी ह्याने नंतर उडवल्या."

"एंटर दाबलं की काय होतं, सिद्धांत?"

"आपली फाइल तशीच राहते, मॅडम. नवी बाजूला ठेवली जाते."

"अरे यार, इथे काय क्लास चाललाय?" जयदीप खेकसला.

"गप्प बसा." चेतनाने स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. "बाजूला जुनी फाइल पडलीय. अकरा वाजून सात मिनिटांनी ठेवलेली. अपग्रेड चालू असताना कोणीतरी 'नवी घ्या' असं मुद्दाम सांगितलं. तेव्हा तुम्ही एकटेच होतात."

"चुकून दाबलं गेलं असेल."

"मग मघापासून एंटर-एंटर काय लावलंय?"

तिने जुनी फाइल उघडली. इथे प्रत्येक बदलावर नाव, तारीख, कारण लिहायची पद्धत होती. तिने मोठ्याने वाचलं, "सिद्धांत, चार मार्च. जयदीप सरांनी बाहेरच्यांना अडवणारं कुलूप न लावताच सर्व्हर चालू केला होता. या ओळी काढू नयेत."

जयदीपचा चेहरा उतरला.

"उद्या ऑडिटमध्ये मी हे वाचलं असतं. हाताने पुसलं तर तुमच्या नावाची नोंद राहते, म्हणून अपग्रेडच्या आड लपलात. टीप गेली, सोबत कुलूपही गेलं. जुनी फाइल फेकली जात नाही, एवढंसुद्धा ठाऊक नव्हतं तुम्हाला? आणि स्वतःला टीम लीड म्हणवता!"

"सिद्धांत, समजून घे ना..."

सिद्धांतने लॅपटॉप पुढे ओढला. जुनी फाइल जागेवर आणली, कुलूप तपासलं, सर्व्हर चालू केला. मग पद्धतीप्रमाणे खाली नाव, तारीख आणि कारण लिहिलं. कारणात जयदीपचं नाव पुन्हा आलं. या वेळी त्यापुढे 'सर' नव्हतं.