आडव्या खाचा

"माफी मी मागणार नाही," खोकेवाली म्हणाली, आणि मग खुर्चीत बसली.

सहसा लोक आधी बसतात आणि मग रडगाणं सुरू करतात. भाचेबुवांना हा उलटा क्रम आवडला. त्यांची मावशी खाजगी तपासाची कामं घ्यायची आणि भाचेबुवा तिची गाडी चालवायचे, तिच्या पिशव्या उचलायचे आणि वेळोवेळी तिची बोलणी खायचे.

"जरा या बाजूनं बोला," मावशी म्हणाली. "डावा कान ठार बहिरा आहे माझा. त्यामुळं एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून द्यायची सोय नाही."

खोकेवाली खुर्चीसकट सरकली. "मी गिटारच्या स्पीकरची खोकी बनवते. आधी बाबा बनवायचे, आता मी. यंदा एक खोकं उस्तादाला दिलं. सगळे त्याला उस्तादच म्हणतात. हंगामभर वाजवून पाहा, पटलं तर ठेवा, असं ठरलं होतं. आणि गेल्या कार्यक्रमात त्यानं गाणं मधेच थांबवून भर स्टेजवर सांगितलं, की बाईनं पाइनच्या नावाखाली भुशाच्या फळीचं खोकं गळ्यात मारलंय!"

"आणि तुम्ही?"

"मी पाइनच वापरलंय. लाकूड हलकं असतं, सुराबरोबर थोडं थरथरतं, त्यानं आवाजाला ऊब येते. मागची बाजू बंद केली. उघडी ठेवली तर आवाज छान पसरतो, पण खर्ज मागच्या मागं पळून जातो. बंद खोक्यात तो मुठीत राहतो. उस्तादाला खर्जच हवा होता. पहिल्या कार्यक्रमाला तो सगळ्यांदेखत म्हणाला, पायाखालची फळी हलली! आता म्हणतो, पत्र्याचा डबा वाजतोय."

"मधल्या काळात खोकं कुणाच्या हाती होतं?"

"माझा दादा गाडीतून ने-आण करतो. उस्ताद वाजवतो. हॉलची किल्ली रेकॉर्डिंगवाल्याकडं. मला मात्र हात लावायला बंदी. वादक मंडळानं फर्मान काढलंय, आज संध्याकाळी हॉलमध्ये सगळ्यांसमोर माफी माग, नाहीतर कुणीही वादक तुझं खोकं घेणार नाही."

"मग मागून टाका ना," भाचेबुवा सहज बोलून गेले. "शब्दच तर आहे."

खोकेवालीनं त्यांच्याकडं असं पाहिलं, की भाचेबुवांना आपली मिशीसुद्धा आगाऊ वाटली.

"जे केलंच नाही त्याची माफी मागितली, तर माझं आजवरचं प्रत्येक खोकं खोटं ठरेल. दुकानाला कुलूप लावायची पाळी आली तर लावीन. पण मान खाली घालून नाही लावणार."

मावशी उठली. "भाचेबुवा, गाडी काढा."

रेकॉर्डिंगवाल्यानं कुलूप काढून त्यांना आत घेतलं. हॉल रिकामा होता. स्टेजवर खोकं एकटंच उभं होतं. मावशीनं ते बोटांनी ठोकून पाहिलं आणि भाचेबुवांना उचलायला लावलं. त्यांनी ते एकट्यानंच फिरवून ठेवलं. मागच्या झाकणाला जुन्या पद्धतीचे, एकेरी खाचेचे स्क्रू होते. सगळ्या खाचा अगदी उभ्या, कवायतीत उभ्या राहिल्यासारख्या.

"काय टापटीप आहे!" भाचेबुवा म्हणाले.

"आहे खरी," मावशी म्हणाली आणि तिनं रेकॉर्डिंगवाल्याला गिटारची सगळ्यात जाड तार छेडायला सांगितलं.

समोरून आवाज खरंच किरकिरा येत होता. मावशीनं आपला चांगला कान खोक्यातल्या दोन स्पीकरपैकी एकाला लावला, मग दुसऱ्याला, मग पुन्हा लांब जाऊन मधोमध उभी राहिली. भाचेबुवांनीही तेच केलं.

"काय ऐकलंत, भाचेबुवा?"

"जवळून डावा स्पीकर झकास. उजवाही झकास. लांबून दोघं मिळून भिकार."

"दोन शहाणे एकत्र आल्यावर दुसरं काय व्हायचं?" मावशी रेकॉर्डिंगवाल्याकडं वळली. "तुम्हाला त्या दिवशी आवाज कसा मिळाला?"

"भिकारच. पण बाई, मला लाकडातलं काही कळत नाही. मी याच हंगामात इथं लागलोय, त्या बाईंच्या दुकानाचं हे पहिलंच खोकं पाहतोय. एरवी मी माईक एका स्पीकरला चिकटवून ठेवतो. त्या दिवशी उस्ताद म्हणाले, आज माईक लांब आणि मधोमध ठेव, पूर्ण खोकं ऐकू दे लोकांना. मोठा माणूस. मी कशाला वाद घालू?"

उस्ताद घरी भेटला. आवाज गोड, बोलणं त्याहून गोड.

"मला वाईट वाटतं हो. तिच्या वडिलांचं खोकं मी कित्येक वर्षं वापरलं. दौऱ्यावर काही बिघडलं तर स्वतः झाकण उघडून दुरुस्त करायचो. तो माणूसच वेगळा! मुलीला तो हात नाही."

निघताना भाचेबुवांचा पाय चादरीखालच्या कशावर तरी आपटला. चादर सरकली. खाली कोरं करकरीत खोकं होतं आणि त्याच्या दर्शनी भागावर पितळी पट्टीत उस्तादाची लफ्फेदार सही कोरलेली होती.

"भाड्याचं आणलंय," उस्ताद चादर सारखी करत म्हणाला. "वाजवायला काहीतरी लागणारच ना."

दुकानात खोकेवालीचा दादा एका कपाटाला रंधा मारत होता. अर्धं दुकान त्याचं, अर्धं बहिणीचं.

"हे होणारच होतं," तो म्हणाला. "मी तिला कधीचं सांगतोय, कपाटं कर. कपाट वाजत नाही, त्यामुळं कुणी तक्रार करत नाही. पण ऐकेल तर शपथ!"

"लहानपणापासून अशीच?"

"विचारूच नका. बाबा झाकण लावल्यावर स्क्रूच्या खाचा उभ्या ठेवायचे. त्यांची खूण होती ती. हिनं पहिल्याच खोक्याला आडव्या ठेवल्या. म्हणे, बाबांचं काम बाबांचं, माझं माझं. त्यावरून बापलेकीत अबोला, आणि मी मधल्यामध्ये निरोप्या! आजही ठेवते आडव्या. मुलखाची हट्टी."

भाचेबुवांनी फळीवरच्या तयार खोक्यांकडं पाहिलं. सगळ्या खाचा आडव्या निजल्या होत्या. त्यांना कौतुक वाटलं आणि भूकही लागली. मावशी मात्र गालात हसत होती.

संध्याकाळी हॉल भरला. मंडळाचे अध्यक्ष, सगळे वादक, पहिल्या रांगेत उस्ताद. खोकेवाली स्टेजवर खोक्याशेजारी हाताची घडी घालून उभी राहिली. दादा दाराशी भिंतीला टेकून होता.

"बाई, माफीचे दोन शब्द बोला आणि विषय संपवा," अध्यक्ष म्हणाले.

"विषय आत्ता सुरू होतोय," मावशी पायऱ्या चढत म्हणाली. "आधी लाकडाचं बघू. भुशाची फळी जड असते. त्या फळीचं एवढं खोकं असतं तर ते फिरवताना आमच्या भाचेबुवांची कंबर धरली असती. त्यांनी एकट्यानं फिरवलं. ठोकल्यावर आवाजही पोकळ, कोरड्या लाकडाचा येतो. खोकं पाइनचंच आहे."

"मग आवाज का गेला?" कुणीतरी ओरडलं.

मावशीनं झाकण उघडलं, खिशातून टॉर्चचा सेल काढला आणि खोक्यात जाणाऱ्या वायरीच्या टोकांना क्षणभर टेकवला. पुढच्या रांगेतले लोक स्टेजवर चढून वाकले. एका स्पीकरचा कागदी पडदा बाहेर उडाला, दुसऱ्याचा आत गेला.

"एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो," मावशी म्हणाली. "दोघांनी एकदम ढकललं तर खर्ज उमटतो. असं भांडत बसले तर एकाचं दुसरा खाऊन टाकतो. एका स्पीकरच्या दोन वायरी कुणीतरी उलट्या जोडल्यात."

"मग ती हिचीच चूक!" उस्ताद उठला.

"पहिल्या कार्यक्रमाला तुमच्याच पायाखालची फळी हलली होती ना? वायरी तेव्हा सरळ होत्या. झाकण नंतर उघडलं गेलं. बाई, तुम्ही खाचा कशा ठेवता?"

"आडव्या," खोकेवाली म्हणाली. "नेहमी."

"आज दुपारी सगळ्या उभ्या होत्या. ज्यानं झाकण उघडलं त्याला मागमूस ठेवायचा नव्हता, म्हणून त्यानं या घराची रीत आठवून खाचा नीट जुळवल्या. रेकॉर्डिंगवाल्याला ही रीतच ठाऊक नाही. त्यानं त्या वाटेल तशा सोडल्या असत्या. दादांनी आडव्या ठेवल्या असत्या, कारण त्या आडव्या खाचांपायी त्यांनी घरात बापलेकीचे निरोप वाहिलेत. उभ्या कोण ठेवील? ज्यानं फक्त वडिलांचं खोकं वर्षानुवर्षं उघडलं आणि मुलीचं काम कधी डोळे उघडून पाहिलंच नाही, तो."

हॉलमध्ये कुजबूज झाली. भाचेबुवांनी कपाळावर हात मारला.

"माईकही त्यांनीच लांब ठेवायला लावला," मावशी पुढं म्हणाली. "जवळ ठेवला असता तर एकाच स्पीकरचा आवाज आला असता, झकास, आणि बिंग फुटलं असतं. राहिलं कारण. यांच्या घरी चादरीखाली एक कोरं खोकं आहे, त्यावर यांची सही कोरलेली आहे. म्हणे भाड्याचं. भाड्याच्या खोक्यावर भाडेकरूचं नाव कोण कोरतं? खोकी बनवणाऱ्या कुठल्यातरी कारखान्याला यांचं नाव हवं होतं. पण ज्या खोक्याची सगळ्यांदेखत तारीफ केली ते सोडायला निमित्त लागतं."

उस्तादाचा गोड आवाज आटला होता. "कारखान्याची घाई होती," तो पुटपुटला. "तिला एवढं लागेल असं वाटलं नाही. मी माफी मागतो, मग तर झालं?"

"तुमची माफी नको मला," खोकेवाली म्हणाली. तिनं गुडघ्यावर बसून वायरी सरळ केल्या, झाकण लावलं आणि गिटार त्याच्या हातात दिली. "वाजवा."

"आत्ता?"

"आत्ता. ज्यांनी माझं नाव खराब होताना ऐकलं, त्यांनीच हेही ऐकायचं."

उस्तादानं जाड तार छेडली. सूर खोक्यातून निघाला आणि स्टेजच्या लाकडातून भाचेबुवांच्या टाचांत शिरला. मावशीनं डोळे मिटून खोक्यावर तळवा ठेवला. उस्ताद दोन सूर वाजवून थांबणार होता, पण हात थांबेना. तो वाजवत गेला, आणि हे आपल्या हातून कायमचं गेलं हे त्याच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसलं. कारखान्याच्या खोक्यात त्याला हा सूर मिळणार नव्हता.

ऐन रंगात खोकेवालीनं वायर उपटली.

"बास. अजून हे माझं आहे. ज्याला हवं त्यानं दुकानात यावं, आणि मी ज्याला देईन त्यालाच ते मिळेल."

अध्यक्ष काही बोलायला गेले. तिनं पाहिलंही नाही. ती खोक्याची एक बाजू धरून वाकली, तेवढ्यात दाराशी टेकलेला दादा गर्दीतून वाट काढत आला आणि त्यानं मुकाट्यानं दुसरी बाजू धरली.

"एकटी उचलीन मी," ती म्हणाली.

"माहीत आहे," दादा म्हणाला. "उचल."