परगावची दाढी

रोझविथा एव्हर्ट्स नवऱ्याची दाढी करायला बसायची ती नर्स येऊन गेल्यावर. दनुता फ्रीडहेल्मला पुसून, कपडे बदलून, उशांना टेकवून बसवायची, आपली कॉफी उभ्याउभ्याच संपवायची आणि पुढच्या घरी जायची. मग रोझविथा किटलीतलं पाणी वाडग्यात ओतायची. उकळतं चालत नाही आणि कोमटही चालत नाही. पावाची एक चकती कापून तिला लोणी लावेपर्यंत निवतं, तेवढंच निवलेलं हवं. हे त्यानेच तिला शिकवलं होतं, बोलता येत होतं तेव्हा.

आता त्याला एकच शब्द येत होता. "बरं." पक्षाघाताने उजवी बाजू आणि बाकीचे सगळे शब्द नेले होते. भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं. दोन वर्षं ती या एका शब्दाचे अर्थ लावत होती आणि दमली होती. झोपेने जाणारा तो थकवा नव्हता. कपडे वाळत घालताना हात मध्येच थांबायचे आणि आपण कशासाठी उभ्या आहोत हे तिला आठवावं लागायचं.

दोघांचीही नोकरी सोलिंगेनमधल्या एका रेझरच्या कारखान्यात झाली होती. तो साचे करायचा, ती मुलाम्याच्या प्रयोगशाळेत निकेलच्या थराची जाडी मोजायची. पलंगासमोरच्या काचेच्या कपाटात त्याचा संग्रह होता. सगळे प्रवासी रेझर, दांड्याचे दोन तुकडे आणि डोक्याचे तीन, सुटे करून मुठीएवढ्या डबीत मावणारे. स्वतः फ्रीडहेल्म वुप्पर नदी ओलांडून फारसा कुठे गेला नव्हता. एकदा तिने समुद्र बघायला जाऊ म्हटलं, तर म्हणाला, "समुद्र काय पळून चाललाय?"

रेझर जमवणाऱ्यांच्या मंडळात त्याची यावरून थट्टा व्हायची. महिन्यातून एकदा ते बारा-पंधरा पुरुष वॉफल आणि गरम चेरी खायला जमत आणि एकमेकांचे रेझर हाताळत. त्यांचे दोन नियम होते. ज्या रेझरने आपण एकदाही दाढी केली नाही तो आपला नाही. आणि दुसरा, "मुक्कामी जोडावा, निघताना सोडावा." म्हणजे प्रवासाला निघतानाच तो सुटा करायचा. कपाटात ठेवलेला रेझर नेहमी जोडलेलाच असायचा, तो घरी पोचला होता. रोझविथाला ही पुरुषांची पोरकट गंमत वाटायची.

ऑक्टोबरात फोल्कमार मेल्शर तिला जुन्या बाजारात घेऊन गेला. तो मंडळातलाच, फ्रीडहेल्मचा बालमित्र, लाल दाढीमुळे अजून 'गाजर' म्हणून ओळखला जाणारा.

"चल गं रोझी, जरा वारा लागू दे. तुझं तोंड बघून माझं दूध नासतं."

बुचं काढायच्या पेचांत आणि बाहुलीच्या भांड्यांत तिला ती डबी दिसली. आतलं निळं मखमल झिजलं होतं, रेझर मात्र शाबूत होता. फोल्कमारने उलटापालटा करून पाहिला.

"शिक्का नाही कुणाचा. आपल्या गावात बेनावाचा रेझर म्हणजे बापाचं नाव न सांगणारं पोर. पण आटे बघ, लोण्यासारखे फिरतायत. घे, फ्रीडहेल्मला करमणूक."

तिने तो साबणाच्या पाण्यात भिजवला, जुन्या टूथब्रशने घासला, नवं पातं घातलं. दुसऱ्या दिवशी दाढी केली. पातं गालावरून अगदी अलगद गेलं. फ्रीडहेल्म डोळे मिटून "बरं" म्हणाला, आणि चांगल्या हाताने त्याने डबी घट्ट धरली. ती काढून घ्यायला तिला त्याची बोटं एकेक करून उकलावी लागली. त्याला हवीच आहे तर राहू दे जवळ, असं म्हणून तिने रेझर पुसून, सुटा करून डबीत घातला आणि डबी पलंगाशेजारच्या खणात ठेवली. खण उथळ होता. जोडलेला रेझर त्यात मावला नसता.

त्यानंतर तो दुसऱ्या कुठल्याही रेझरला गाल देईना. मान फिरवायचा.

आठवड्याभरात तिच्या लक्षात आलं की पाणी लवकर गढूळ होतंय. खुंट जास्त निघत होते. आपल्याच हातून आदल्या दिवशी नीट झाली नसेल, असं तिला वाटलं. मग एका सकाळी गालाला हात लावला तर तो ब्रशसारखा लागला. प्रयोगशाळेतलं, काचेवर मोजपट्टी कोरलेलं भिंग तिने निवृत्तीच्या दिवशी घरी आणलं होतं. दिवसाला दाढी अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. भिंगाखाली दोनाच्या जवळ भरली.

तिने पुन्हा मोजलं. मग भिंग पुसून पुन्हा.

डॉक्टर फोनवर म्हणाले की औषधांनी असं कधीकधी होतं. कुठल्या, ते त्यांनी सांगितलं नाही.

वाडग्याच्या तळाशी काळी भुकटी बसू लागली. तिने ती चिमटीत घेतली. कोळशाची काजळी होती. त्यांच्या घरात पंचवीस वर्षं कोळसा नव्हता. काही दिवसांनी भुकटी थांबली आणि त्याच्या मानेला तंबाखूचा वास येऊ लागला. फ्रीडहेल्मने आयुष्यात ओढली नव्हती.

"एव्हर्ट्सबाई," दनुता एकदा म्हणाली, "तुम्ही यांना गच्चीत बसवता का हो?"

"या थंडीत? आणि उचलू कशी एकटी?"

"मग हा गाल असा का?"

डावा गाल लाल झाला होता, नाकाचं टोक सोललं होतं. नोव्हेंबर चालू होता. खोलीची खिडकी उत्तरेला होती. दनुताने मलम लावलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "रागावू नका, पण रस्त्यापलीकडच्या शुश्रूषागृहात एक खाट रिकामी होतेय. तुम्ही आरशात बघितलंय का स्वतःकडे?"

"बघेन," रोझविथा म्हणाली.

त्या दिवशी दाढी करताना स्वतःच्या ओठाला लागलेला फेस तिने जिभेने चाटून पाहिला. खारट होता. साबणाची चव नव्हे ती. तिने वाडगं खाली ठेवलं.

"कुठे गेला होतास?" तिने विचारलं.

फ्रीडहेल्म तिच्याकडे बघून हसला. आजारानंतर प्रथमच दोन्ही बाजूंनी.

"बरं," तो म्हणाला.

या शब्दाचा अर्थ तिला पहिल्यांदाच लावावा लागला नाही. आणि तिला राग आला. आपण इथे चादरी बदलतोय, आणि हा.

पण राग टिकला नाही, कारण आता मोजलेलं खोटं म्हणता येत नव्हतं. एका रात्रीत आठवड्याची दाढी येत होती. तीही आधी करडी, मग पांढरी. मनगटं बारीक झाली होती. कपाळावर नव्या रेघा आल्या होत्या. तिचा एक दिवस जाईपर्यंत त्याचे सात जात होते, आणि हा वेग वाढतच होता. ती स्वयंपाकघरात बसली आणि मनातल्या मनात आलेख काढला. तो नाताळाच्या अलीकडे संपत होता.

दमली होती ती. पण त्याच्यावाचून राहायची तिची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने शेवटची दाढी केली, रेझर सुटा करून डबीत घातला, आणि विजेच्या तारांवर चालणाऱ्या बसने फोल्कमारकडे गेली.

"माझ्या घरात नको हा," ती म्हणाली.

"अगं, त्याला आवडतो ना?"

"म्हणूनच नको."

फोल्कमारने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढची थट्टा गिळली.

परत आली तेव्हा फ्रीडहेल्म छताकडे बघत होता. "मी आले," असं ती म्हणाली. तो काही बोलला नाही. बरंही नाही.

दुसऱ्या सकाळी तिने पाणी निववलं, फेस केला आणि गालाला हात लावला. गाल गुळगुळीत होता. तिला एवढं हायसं वाटलं की ती पलंगाच्या कडेवर बसून रडली. त्याच्या पुढच्या सकाळीही गुळगुळीत. आठवडा उलटला तेव्हा तिने भिंग काढलं. काही नव्हतं. आदल्या दाढीची कापलेली टोकंसुद्धा तशीच, कातडीच्या पातळीत. तो श्वास घेत होता, सूप गिळत होता, अंग ऊबदार होतं. ती बोलली की डोळे तिच्याकडे वळत नव्हते.

फोल्कमारचा फोन आला. आवाजात नेहमीची मस्ती नव्हती.

"रोझी, एक विचारू? हसू नकोस. तुझ्या त्या रेझरने मी एकदाच दाढी केली. नियमापुरती. धुऊन ठेवला."

"मग?"

"रोज सकाळी ओला असतो. आत खुंट असतात. मी तीनदा उकळून काढला. अगं, माझी दाढी लाल आहे. हे पांढरे आहेत."

तिने खुर्ची ओढली.

"किती लांब?"

"काय?"

"खुंट किती लांब आहेत, फोल्कमार?"

पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. बहुतेक बघायला गेला होता.

"थोडेच. एका दिवसाचे असतील. रोज एका दिवसाचेच."

"तू रेझर कसा ठेवलायस?"

"कसा म्हणजे? जोडून, न्हाणीघरातल्या फळीवर. आणल्याआणल्या जोडला. मुक्कामाला आला ना तो."

ती डोळे मिटून बसली. आपण तो रोज सकाळी जोडत होतो, आणि दाढी झाली की सुटा करून खणात टाकत होतो. रोज त्याला प्रवासाला धाडत होतो.

"आणून देऊ का?" फोल्कमारने विचारलं. "आत्ता डबीत घालतो आणि निघतो."

"नको!" ती एवढ्या जोरात म्हणाली की तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "सोडू नकोस. हलवूही नकोस. आहे तिथे राहू दे."

"कोणाला राहू दे?"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"फोल्कमार, अरे, एक करशील? रोज शेजारी पाणी ठेव. उकळतं नको. पावाला लोणी लावेपर्यंत निवतं तेवढं."

"फ्रीडहेल्मला लागतं तसं," तो हळूच म्हणाला.

"हो."

तेव्हापासून रोज सकाळी, दनुता यायच्या आधी, ती फोन करायची.

"आज?"

"आहे."

एवढंच. कधी फोल्कमार आपणहून काही सांगायचा. आज फळीवर वाळूचा कण होता. आज आरशावर वाफ होती, मी आत गेलो नाही, दाराबाहेर थांबलो. आज कोणी शीळ घालत होतं, पण बेसूर. फ्रीडहेल्मची शीळ नेहमीच बेसूर असायची. फोन ठेवल्यावर ती पलंगाजवळ जाऊन त्या गुळगुळीत गालावर हात फिरवायची, चादर नीट करायची. तिला झोप लागू लागली होती.

नाताळ आला आणि गेला.

जानेवारीत एका सकाळी फोल्कमारने फोन उचलायला वेळ लावला.

"आज?"

"पाणी ठेवलं होतं गं."

"आणि?"

"कोरडा आहे, रोझी."

दुसऱ्या दिवशीही कोरडा. तिसऱ्या दिवशी तिने विचारलंच नाही, फोल्कमारने सांगितलंही नाही. दोघं फोन धरून नुसती बसली.

ती आत गेली तेव्हा दनुता यायची वेळ झाली होती. फ्रीडहेल्म उशांना टेकून होता, तोंड थोडं उघडं, छाती संथ वरखाली होत होती. दनुताने आल्याआल्या त्याचं मनगट धरलं, घड्याळ पाहिलं, मग दाब मोजला आणि मान वर केली. तिचा चेहरा खुलला होता.

"एव्हर्ट्सबाई, नाडी बघा, अगदी तरण्या माणसाची. असंच जपलंत ना, तर हे अजून वीस वर्षं सहज काढतील."