सव्वाबाराचा सूर्योदय

सूर्य दुपारी सव्वाबाराला उगवतो का? हसू नका. निशिगंधाच्या कॅलेंडरमध्ये तसं चक्क लिहिलेलं होतं आणि तिला त्या दिवशी हसू अजिबात येत नव्हतं.

निशिगंधा, म्हणजे निशू, अकरा वर्षांची. ती वाघझिरा पठारावर राहायची. तिथे आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी (डोळ्यांना न दिसणाऱ्या, पण प्रकाशाच्याच वेगाने धावणाऱ्या लहरी) टिपणाऱ्या प्रचंड तबकड्या होत्या. या लहरी इतक्या क्षीण असतात की शेजारी साधा मोबाईल सुरू असला तरी त्या गोंगाटात हरवून जातात. म्हणून पठारावर मोबाईलला बंदी, गाड्यांना बंदी आणि वस्तीलाही बंदी. तिथे मूल म्हणाल तर एकच. लंगडी घालायची हौस आली तरी निशू पकडणार कोणाला?

आई ती लहान असतानाच गेली होती. आता ती वैजूमावशीकडे असे. मावशी त्या सगळ्या तबकड्यांची प्रमुख होती. घरात तिसरा होता बारक्या, घरकाम करणारा यंत्रमानव. आणि निशूचा बाबा मंगळावर होता, जमिनीखालचं बर्फ शोधणाऱ्या तुकडीत.

बाबाशी आठवड्यातून एकदाच बोलता यायचं, रविवारी. मंगळ आणि पृथ्वी दोन्ही फिरत असल्यामुळे वेळ दर रविवारी निराळी. म्हणून निघण्याआधी बाबाने निशूला शेजारी बसवून दोन वर्षांच्या सगळ्या वेळा घरच्या कॅलेंडरमध्ये भरून ठेवल्या होत्या. छतावरची छोटी तबकडी ते कॅलेंडर वाचायची आणि ठरल्या वेळी आपोआप मंगळाकडे तोंड करायची. एरवी ती दुसऱ्या कामाला असे.

गेले दोन रविवार निशू केस विंचरून, वेळेवर खुर्चीत बसली होती. दोन्ही वेळा यंत्रातून नुसती खरखर आली. बाबा आला नाही.

"कामात असेल गं," मावशी म्हणाली. "मंगळ म्हणजे काय कोपऱ्यावरचं दुकान आहे?"

बाबा आपल्याला विसरला, असं निशूच्या मनाने घेतलं होतं, आणि असलं काही मोठ्याने म्हणायची तिला भीती वाटत होती. आज तिसरा रविवार. यानंतर मंगळ सूर्याच्या पलीकडे जाणार होता. सूर्य मध्ये आला की रेडिओलहरी नीट पोचत नाहीत, त्यामुळे पुढचे कितीतरी दिवस एक शब्दही येणार नव्हता. आजची वेळ होती दुपारी साडेचार.

सकाळचे साडेदहा वाजले होते. साडेचारपर्यंत करायचं काय? निशू कॅलेंडरमधल्या जुन्या नोंदी चाळत बसली. बाबा इथे होता तेव्हाच्या. आणि तिथे तिला ती ओळ दिसली: 'पठारावरून सूर्योदय, मी आणि निशू.' वेळ, दुपारचे सव्वाबारा.

तिला ती पहाट लख्ख आठवत होती. डिसेंबरची थंडी, बाबाच्या शालीत दोघं, आणि दात वाजतात म्हणून एकमेकांना चिडवणं.

"मावशी!" ती ओरडली. "आमचा सूर्योदय सव्वाबाराला झाला म्हणे!"

मावशी हातात थालीपिठाचा तुकडा घेऊन आली. तिने पडद्याकडे पाहिलं आणि तुकडा तसाच बशीत ठेवला. "बारक्या, मागच्या महिन्यात तू स्थलांतर (जुन्या सॉफ्टवेअरमधली माहिती नव्यात हलवणं) केलंस ना?"

"केलं," बारक्या छाती काढून म्हणाला. "सगळी ईमेल आली, सगळ्या नोंदी आल्या. एकही हरवली नाही."

"हरवली नाही, पण सरकली असेल. निशू, त्या दिवशी तुम्ही किती वाजता गेला होतात?"

"पावणेसातला. बाबाने गजर लावला होता."

"मग मोज. पावणेसात ते सव्वाबारा."

निशूने बोटं दुमडली. "साडेपाच तास."

मावशीने कपाळाला हात लावला. "जगात एक जागतिक प्रमाणवेळ असते (सगळ्या देशांनी हिशोबासाठी मानलेलं एकच घड्याळ). आपलं घड्याळ तिच्यापुढे किती धावतं, माहीत आहे? बरोबर साडेपाच तास."

"म्हणजे काय झालं?"

"तुझ्या बाबाने लिहिलं 'पावणेसात'. कोणाचे पावणेसात, ते लिहिलंच नाही. कशाला लिहील? आपल्या अख्ख्या देशाचं घड्याळ एकच. आपण जन्मात कधी 'भारतातले पावणेसात' म्हणतो का? जुनं सॉफ्टवेअर इथलंच, त्याला ते न सांगता कळायचं. नव्या आवृत्तीला (सुधारून काढलेल्या पुढच्या सॉफ्टवेअरला) नाही कळलं. तिने धरलं जागतिक पावणेसात आणि आपल्याला दाखवताना साडेपाच तास वाढवले."

"पण बाबाच्या जुन्या ईमेलवरच्या वेळा तर बरोबर आहेत. मी रोज वाचते."

मावशीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. रोज वाचते, हे तिला ठाऊक नव्हतं. "कारण ईमेलवर वेळेचा शिक्का यंत्र मारतं," ती जरा हळू आवाजात म्हणाली. "यंत्र वेळेसोबत कुठलं घड्याळ तेही नोंदवतं. कॅलेंडरमध्ये माणसाने हाताने लिहिलं होतं."

निशू आता ऐकत नव्हती. साडेचारातून साडेपाच तास वजा. "मावशी, अकरा! बाबा अकराला बोलणार आहे!"

घड्याळात अकराला बारा मिनिटं कमी होती.

"सगळ्या नोंदी साडेपाच तास मागे घेतो," बारक्या म्हणाला.

"थांब!" निशू म्हणाली. "सगळ्या नको. तू माहिती हलवल्यानंतर मी माझी शाळा नव्यातच लिहिली आहे. ती बरोबर आहे. ती मागे गेली तर मला पहाटे साडेचारला शाळा!"

"शाबास," मावशी म्हणाली. "बारक्या, आधी आजची एकच नोंद दुरुस्त कर. बाकीच्या जुन्या प्रतीवरून पुन्हा आणू, या वेळी 'भारतीय वेळ' असं बजावून. जुनी प्रत आहे ना?"

"नव्याची खात्री पटेपर्यंत जुनं पुसत नाही मी," बारक्या म्हणाला.

छतावर घरघर झाली. तबकडी वळत होती. निशूने केस विंचरले नाहीत, तशीच खुर्चीत बसली.

"दोन रविवार तो बोलला असेल," ती म्हणाली. "ते शब्द कुठे गेले?"

मावशीला खोटं सांगता येत नसे. "आपल्या छतावरून पुढे गेले. अजून जातच असतील."

निशूचे डोळे भरून आले. तेवढ्यात यंत्रातली खरखर थांबली.

"निशू, मी बाबा. दोन वेळा तू नव्हतीस. रुसलीस का गं? रुसली असलीस तरी बस आणि ऐक. मला इथे असं मनातलं बोलायला दुसरं कोणी नाही."

बाबाने हे वीस मिनिटांपूर्वी म्हटलं होतं. मंगळ इतका दूर होता की शब्दांना यायलाच तेवढा वेळ लागायचा. निशूने नाक पुसलं आणि सगळं सांगितलं. सव्वाबाराचा सूर्योदय सांगितला. "मी रुसले नव्हते," ती म्हणाली. "मला वाटलं, तूच विसरलास."

मग वाट पाहणं. वीस मिनिटं जायला, वीस यायला. मावशी कामाला गेली नाही, शेजारी खुर्ची ओढून बसली.

"आठ मिनिटं झाली," थोड्या वेळाने मावशी म्हणाली. "तुझे शब्द आता सूर्याच्या शेजारून जात असतील."

निशूने खिडकीबाहेर पाहिलं. पठार नेहमीसारखंच रिकामं होतं.

चाळीस मिनिटांनी यंत्रातून आधी बाबाचं हसू आलं, मग आवाज. "सव्वाबाराला सूर्योदय! चूक माझीच. तुला विसरेन होय मी? आल्यावर पुन्हा जाऊ बघायला. लिहून ठेव."

त्यानंतर सूर्य मध्ये आला आणि बरेच दिवस यंत्र मुकं राहिलं. निशूला एकटं वाटायचंच, पण आता तिला शांततेचं कारण माहीत होतं. कॅलेंडरमध्ये दीड वर्षानंतरच्या एका डिसेंबरमध्ये तिने स्वतः लिहिलेली नोंद होती: 'पठारावरून सूर्योदय, बाबा आणि मी. सकाळी पावणेसात. भारतीय वेळ.'