वळण रुंद करताना

"ही गाडी पोचणार तरी कधी?"

मोरवेनाने मान वर केली. गावच्या हॉलमध्ये छोट्या रेल्वेंचं प्रदर्शन भरलं होतं. तिने दोन वर्षं खपून टेबलावर उभं केलेलं कॉर्नवॉलचं स्टेशन सगळे पाहत होते, आणि इंजिन सकाळपासून एकाच वळणावर आडवं होत होतं. समोर एक उंच तरुण चहाचा कप धरून हसत होता.

"घाई असेल तर बसने जा," ती फणकारली.

"बस इतकी झोकात पडत नाही हो!"

तो डेन्झिल. पुढच्या शनिवारी तो तिच्या घरच्या गॅरेजमध्ये, परत आणलेल्या त्या स्टेशनापाशी हजर. वळण फार आवळलंय म्हणाला, रूळ उखडून रुंद करू. मग प्रत्येक शनिवारी दोघं शेजारी वाकलेले. तो बोटांनी चाचपत रुळांचे सांधे जुळवायचा, ती केशराचे बन गरम करायची. पत्र्यावर पाऊस वाजायचा. कोपराला कोपर लागायचं... आणि कोणीच हलायचं नाही.

"लाल सिग्नल हिरवा रंगवलास की!" एकदा ती म्हणाली. "मला थांबवायचंच नाही वाटतं?"

तो हसला नाही. ब्रश खाली ठेवला.

"मोरवेना... मला समोरचं नीट दिसत नाही. कडेकडेचं तेवढं दिसतं. मामाचंही असंच झालं होतं. उपाय नाही म्हणतात."

"कधीपासून?"

"प्रदर्शनाच्या आधीपासून."

"मग हे रूळ, हे सांधे—"

"तुझ्यापाशी बसायला निमित्त नको?"

वळण पुरं झालं, आणि तो स्कॉटलंडला बहिणीकडे निघाला. बसथांब्यावर तिने त्याची बाही घट्ट धरली.

"राहा ना. मला तू हवायस... दिसो, न दिसो."

"मलाही तूच हवीयस गं. पण मामाचं करता करता आई झिजली. मी पाहिलंय ते. तुझं तसं नाही व्हायचं."

"ते मी ठरवीन ना!"

"नाही ठरवायचं." त्याने बाही हळूच सोडवून घेतली.

बस हलली. खिडकीतून तो हात हलवत होता — तिच्याकडे नाही, शेजारच्या खांबाकडे. मोरवेना धावली आणि त्या खांबाला पाठ लावून, हात उंच करून उभी राहिली.