मडक्याच्या डोक्याचा शिपाई

"हलू नकोस!" उमा कुजबुजली.

"म्या नाय, पाय हलायलेत!" सांडू म्हणाला.

समोर शिपाई उभा होता. बांबूच्या अंगावर निजामी फौजेचा कोट, मडक्याच्या डोक्यावर लोखंडी टोप. पोलीस ॲक्शननंतर असा माल जुन्या बाजारात पोत्यानं येई आणि चित्रकलेचे केशव मास्तर तो पोत्यानंच घेत. टोपाच्या बंदावरून ते पलटण ओळखत. स्वतःचा चष्मा मात्र रोज शोधत.

सुट्टीत ही दोघं मास्तरांच्या गारखेड्यातल्या खोलीवर रंग घोटायला येत. आज उमाची नजर शिपायाच्या कमरेवर खिळली. तिथं खिळ्याला एक हातबॉम्ब लोंबत होता. अडकवलेला नेमका त्याच्या कडीनं!

फौजेतल्या मामानं बटाट्यात खिळा खुपसून तिला समजावलं होतं : कडीसकट पिन निघाली की चार आकडे मोजायचे. पाचवा मोजायला कुणी उरत नाही.

पिन अर्धी बाहेर आली होती. वाऱ्यानं दार आपटलं. बॉम्ब डुलला. पिन आणखी सरकली!

"मास्तर, तो खरा आहे! बाहेर चला!"

"पोकळ आहे गं. भंगारवाल्यानंच सांगितलं," मास्तर कुंचला न थांबवता म्हणाले. "ही बाही झाल्याशिवाय मी उठत नसतो."

मास्तरांना ओढावं, तर शिपायाला धक्का लागणार. तिनं आवाज जमेल तितका साधा केला.

"बरं. मग बाहेर चिंचेखाली थांबलेल्या म्हाताऱ्याला जा म्हणते. अंगात घोडदळाचा कोट आहे त्याच्या. बटणं सगळी शाबूत."

कुंचला थांबला. "सगळी?"

मास्तर अनवाणीच धावले! त्यांच्यामागं दार जोरात मिटू लागलं. उमानं मध्ये हात घातला. बोटं चेचली, पण दार आपटलं नाही.

"सांडू, सायकल काढ! छावणीत जा!"

तासाभरात सैनिक आले. सुभेदारांनी घामाघूम होत पिनेच्या जागी तार ओवली आणि बॉम्ब माळावर नेला. धडाम्! चिंचेवरचे सगळे कावळे उडाले.

"लईच पोकळ होतं, मास्तर!" सांडू म्हणाला.

सुभेदारांनी उमाची सुजलेली बोटं पाहिली. "एखाद्यानं कडीला हात घातला असता. तू डोकं चालवलंस. शाबास, पोरी!"

मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग चिंचेकडं पाहिलं.

"तो म्हातारा कुठं गेला गं?"

"नव्हताच, मास्तर."

मास्तर मटकन खाली बसले. बॉम्ब फुटला तेव्हासुद्धा ते उभे होते.